कळसूबाईवरून नेमकं किती लांबचं दिसतं? मुंबई आणि समुद्र दिसतो का?

गणित एका ओळीचं आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साधारण १४५ कि.मी. हवेत प्रकाश थोडा वाकतो, म्हणून १५५ धरा. मुंबई सरळ रेषेत ११० च्या आसपास. झालं! एवढ्या आकड्यावर आमचे साडू दर लग्नात, दर बारशाला "मी कळसूबाईवरून मुंबईचे दिवे पाहिलेत" म्हणून सांगत फिरतात.

मी सोबतच होतो. ऑक्टोबर, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, मुक्काम वरतीच. साडूंनी बोट दाखवलं ते वायव्येला. तिकडे घोटी-इगतपुरी, फार तर वीस कि.मी., आणि हायवेवरच्या ट्रकांची रांग. मुंबई नैऋत्येला. तिथे आभाळाच्या कडेला पिवळट उजेड होता खरा, पण ढगांवर पडलेला उजेड म्हणजे शहर दिसणं नव्हे. होकायंत्र दाखवलं तर म्हणे, "मोबाइलचं काय खरं असतं?" मग ध्रुवतारा दाखवला. तोवर साहेबांना झोप आली होती.

सकाळी खरं बघण्यासारखं होतं तेव्हाही ते तंबूत घोरत होते. उत्तरेला सप्तशृंगी, मार्कंड्या आणि धोडप, नव्वदेक कि.मी.वर. धोडपची खाच दिसली की बाकी कुणाला विचारावं लागत नाही. अलंग-मदन-कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड हे तर शेजारीच, ते कुणालाही दिसतात.

समोरचा डोंगरही उंच असला तर दोघांची क्षितिजं जोडली जातात. साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे कागदावर तीनशे कि.मी.वरूनही दिसावा, आणि साल्हेर आहे जेमतेम सव्वाशेवर. आडवी येते ती हवा, पृथ्वीची गोलाई नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनने हवा निवळली आणि पंजाबातल्या जालंधरच्या गच्च्यांवरून हिमालयातल्या धौलाधार रांगेचा बर्फ दिसू लागला. डोंगर काय त्या महिन्यात वाढले होते?

म्हणून पाऊस सरल्यावर जा, ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि सूर्य वर येण्याआधी माथ्यावर असा. मार्च ते मे धुरळा आणि वणव्यांचा धूर. त्या दिवसांत नजारा बघायला जाऊच नये, देवीच्या दर्शनाला खुशाल जा.

समुद्राचं राहिलं. वरचं सूत्र मधे काही आडवं नाही असं धरून चालतं, इथे पश्चिमेला कुलंगची रांग उभी आहे. मला समुद्र दिसलेला नाही. नैऋत्येच्या फटीतून एखाद्या स्वच्छ दिवशी कुणाला दिसला असेल तर मी नाही म्हणणार नाही.

पण मुंबई दिसली म्हणणाऱ्याला आधी दिशा विचारा, मग दिवसाउजेडी ओळखलेली एक तरी इमारत सांगायला लावा. आमच्या साडूंनी अजून सांगितलेली नाही.