कमी उजेडातलं ऑर्किड: आधी कुंडीच्या आत बघा

कोथरूडचा पहिला मजला, खिडकीला चिकटून दुसरी बिल्डिंग, फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं सुरकुतलीत म्हणून तुम्ही रोज पाणी घालताय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही, माझं पहिलं झाड अगदी असंच गेलं होतं. पाणी आजच थांबवा.

पानं सुरकुतली म्हणजे झाडाला पाणी पोचत नाहीये हे खरं, पण बरेचदा मुळं कुजलेली असतात म्हणून पोचत नाही. नर्सरीच्या झाडात कित्येकदा मुळांच्या मधोमध मॉसचा (शेवाळाचा) घट्ट गोळा असतो, कुंडीत मातीऐवजी भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे वरून कोरडे दिसतात आणि आत नुसती ओल, त्यात उजेड कमी असला की ती वाळतच नाही. मी जिथून झाड आणलं (नाव नको) त्यांना जाऊन विचारलं तर "मॅडम, रोज पाणी घाला" म्हणाले आणि वर खताचं पाकीट गळ्यात मारलं. शेवटी कुंडी उपडी केली तर मूळ चिमटीत धरलं की मुळाचं वरचं आवरण निसटून हातात, मागे नुसता दोरा. कुंडीतून काढून बघा एवढं एक वाक्य बोलले असते तर झाड वाचलं असतं, अजून राग येतो.

मॉस सगळा काढा, पोकळ मुळं स्वच्छ कात्रीने छाटा, सालीच्या तुकड्यांत थोडा कोळसा घालून लावा. कुंडी पारदर्शक घ्या, मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की नाही. ठरावीक वार धरून पाणी घालू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही. पाणी सकाळी घाला, पानांच्या बेचक्यात साचलं तर टिपून घ्या.

उजेडाचं म्हणाल तर पानं गडद हिरवीगार दिसतात ते कौतुकाचं नाही, उजेड कमी पडतोय, जरा पोपटीकडे झुकली पाहिजेत. 6500 केल्विनची (पांढऱ्या उजेडाची) साधी एलईडी ट्यूब फूटभर वर, दिवसाला 12 तास, माझ्याकडे तरी एवढ्यावर भागतं. मी तज्ज्ञ नाही, घरचा अनुभव सांगतेय. पण डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या नादी लागू नका, त्याला याहून बराच उजेड लागतो. आणि ट्रेकला सीतेची वेणी (झाडांवर वाढणारं रानटी ऑर्किड) दिसली तर प्लीज उपटून आणू नका, बंद घरात ती जगत नाही.

फुलांची घाई नको. दांडी यायला काही आठवडे गारवा लागतो, तो नोव्हेंबरनंतर पुण्यात रात्री आपोआप मिळतो. आत्ता दोन-तीन मुळं जरी कडक उरली असतील तरी झाड टाकू नका, फक्त कुंडी लहान घ्या, मोठीत परत ओल धरेल.