एकटी आणि एकटीच

‘ताई, मी 34 वर्षांची आहे. लग्न केलेलं नाही. नोकरी चांगली आहे, आई-वडिलांशी पटतं, मैत्रिणी आहेत. पण हल्ली कुणी कुठल्याही एकट्या बाईबद्दल काही बोललं की ते मलाच बोललं असं वाटतं आणि दोन-दोन दिवस डोक्यातून जात नाही. मी फार मनाला लावून घेते का? की माझ्यातच काहीतरी कमी आहे?’

हा प्रश्न एका वाचक मैत्रिणीनं पाठवलाय. थोड्याफार फरकानं तो माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षभर येत असतो. उत्तर म्हणून अनघाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला तिची परवानगी आहे.

अनघा 36 वर्षांची. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या पर्चेसमध्ये आहे. आई-वडील पंचवटीतल्या जुन्या घरात राहतात, ही गंगापूर रोडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅटचा हप्ता तिचा तीच भरते. तिच्या सोसायटीत दहा-बारा बायकांचा वाचनगट आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातली पुस्तकांची पेटी त्यांच्याकडं येते. महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एकीनं आपण वाचलेलं पुस्तक बाकीच्यांना सांगायचं, मग चहा आणि गप्पा. पुस्तक पेटीतलंच हवं असं काही नाही. अनघाची पाळी आली तेव्हा तिनं ऑफिसातल्या मैत्रिणीनं दिलेली एक इंग्रजी कादंबरी निवडली, हेलन फील्डिंगची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 1995 साली लंडनच्या एका वर्तमानपत्रात सदर म्हणून हे लेखन सुरू झालं आणि 1996 साली त्याची कादंबरी आली. तिशीतली, एकटी राहणारी, नोकरी करणारी ब्रिजेट वर्षभर डायरी लिहिते. नोंदीच्या सुरुवातीला आकडे असतात. आज वजन किती, सिगारेटी किती, दारू किती, कॅलरी किती. नातेवाईक जमले की ‘काय मग, कुणी भेटलं की नाही?’ हा प्रश्न ठरलेला. गोष्टीचा सांगाडा जेन ऑस्टिनच्या 1813 सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून घेतलाय, नायकाचं आडनावसुद्धा तेच ठेवलंय, डार्सी. सगळं हलकंफुलकं. ब्रिजेटची एक भीती तर अशी की आपण एकटीनंच मरू, तीन आठवड्यांनी कुणाला तरी कळेल आणि तोवर अल्सेशियन कुत्र्यानं आपल्याला अर्धं खाल्लेलं असेल.

अनघानं पुस्तक रंगवून सांगितलं. अल्सेशियनपाशी तर बायका डोळे पुसत हसल्या. मग एकेकीची मतं सुरू झाली.

एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, ‘एवढी शिकलेली बाई, लंडनसारख्या शहरात राहते, आणि अख्खं वर्ष काय तर वजन आणि पुरुष? मला नाही आवडली.’ नुकतंच लग्न झालेली एक म्हणाली, ‘शेवटी लग्न होतंच ना तिचं? मग ठीक आहे.’ कुणी म्हणालं, नायिका अगदी आपल्यासारखी गोंधळलेली आहे म्हणून जवळची वाटते. आणि कोपऱ्यात बसलेल्या काकू, सत्तरीच्या, एरवी कमी बोलणाऱ्या, एवढंच म्हणाल्या, ‘एकटं राहिलं की असंच होतं गं.’

अनघानं चहाचे कप गोळा करायला मदत केली, लिफ्टनं दोन मजले खाली आली, दार लावलं आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. पुढच्या महिन्याच्या शनिवारी ती गेली नाही. पेटीतलं पुस्तक वॉचमनच्या हाती परत पाठवलं. रात्री झोप लागेना. जो अल्सेशियन सांगताना ती स्वतः हसली होती, तो पहाटे तीनला तिच्या डोळ्यांसमोर यायला लागला.

महिनाभरानं ती माझ्याकडं आली. पहिल्या भेटीत मी एक चूक केली, ती इथं सांगायलाच हवी. माहिती भरून घेताना वय, शिक्षण, नोकरी विचारलं आणि त्याच ओघात ‘लग्नाचा काही विचार?’ असंही विचारून गेले. ती गप्प झाली. फॉर्मवर तो रकाना आहे म्हणून मी विचारलं होतं, पण तिच्या कानाला मी नातेवाइकांच्या रांगेतली आणखी एक झाले. त्या दिवशी उरलेला अर्धा तास ती ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोलली. दुसऱ्या भेटीच्या सुरुवातीलाच मी तिची माफी मागितली. तो प्रश्न आता मी पहिल्या दिवशी विचारत नाही. ज्याला त्याबद्दल बोलायचं असतं तो स्वतःहून बोलतो.

मग मी तिला एक वही करायला सांगितली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं समोरची व्यक्ती नेमकं काय म्हणाली ते लिहायचं, शब्दाला शब्द. उजवीकडं आपल्याला काय ऐकू आलं ते. पंधरा दिवसांनी तिनं ती माझ्यासमोर उघडली. तिच्या परवानगीनं त्यातल्या तीन ओळी देते.

डावीकडं : आई म्हणाली, ‘रात्री दार नीट लाव.’ उजवीकडं : तुझ्याकडं बघायला कुणी नाही.

डावीकडं : ऑफिसात साहेब म्हणाले, ‘दिवाळीत तू थांबशील ना?’ उजवीकडं : तुला घरदार कुठं आहे.

डावीकडं : मिसळीच्या हॉटेलात पोऱ्या म्हणाला, ‘एकच?’ उजवीकडं : एकटीच आलीस?

या तिसऱ्या ओळीवर आम्ही पाऊण तास घालवला. रविवारी सकाळी मिसळीला जाणं हा नाशिककरांचा नेम. ऑर्डर घेणारा पोऱ्या वही घेऊन ‘किती जण?’ विचारतो आणि त्यावर टेबल ठरतं. अनघानं ‘एक’ सांगितलं, तो ‘एकच?’ म्हणाला. त्याला चौघांचं टेबल अडवायचं की भिंतीकडचं छोटं द्यायचं हे ठरवायचं होतं. अनघा मिसळ न खाता उठून आली.

मी तिला म्हटलं, ‘या पानावर ‘च’ किती आहेत ते मोज.’ तिनं पेन्सिलनं गोल केले. उजव्या बाजूला जागोजागी ‘च’ होता. एकटीच. असंच होणार. लोकांना तेच वाटतं. माझंच चुकतं. आणि सगळ्यात खाली, तिनं स्वतःबद्दल लिहिलेलं, ‘या वयात लग्न झालंच पाहिजे होतं.’

मी ज्या पद्धतीनं काम करते तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली. तिचं सार असं की घडलेली गोष्ट आणि आपला त्रास यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते, आणि इच्छेचा हट्ट झाला की त्रास वाढतो. हे समजवायला मला मराठीत फार लांब जावं लागत नाही. ‘लग्न व्हावं’ ही इच्छा आहे. ती असण्यात कमीपणा नाही, ती दडपायचीही नाही. ‘लग्न झालंच पाहिजे’ म्हटलं की तो हुकूम झाला, आणि हुकूम पाळला गेला नाही की शिक्षा आली. अनघा स्वतःला रोज रात्री ती शिक्षा देत होती.

मग मी तिला विचारलं, ‘गटातल्या सगळ्यांची मतं सांगितलीस. तुला कशी वाटली ब्रिजेट?’ ती म्हणाली, ‘बिचारी.’ थोडं थांबून म्हणाली, ‘नाही, ताई. मला तिचा राग आला. नोकरी आहे, मित्र-मैत्रिणी आहेत, घर आहे. मग ही खूश का राहू शकत नाही?’ मी काही बोलले नाही. तिचं तिलाच ऐकू आलं होतं. गटातल्या कुणीही नायिकेबद्दल इतकं कडक मत दिलं नव्हतं.

मी तिला दोन कामं दिली. एक, पुस्तकाची शेवटची पानं पुन्हा वाचायची. दोन, त्या दोघींना भेटायचं, ज्यांचं बोलणं सगळ्यात जास्त लागलं, आणि सरळ विचारायचं. दुसऱ्या कामाला तयार व्हायला तिला तीन आठवडे लागले.

शेवटच्या पानांवर लग्न नाही. त्या कादंबरीत ब्रिजेट आणि डार्सी नाताळात एकत्र येतात एवढंच. मग येतो वर्षभराच्या आकड्यांचा हिशोब. वर्षभरात वाढलेलं वजन आणि कमी झालेलं वजन जवळजवळ सारखं भरतं. म्हणजे ‘शेवटी लग्न होतंच ना’ हे पुस्तकात नव्हतंच. अनघानं स्वतः पुस्तक सांगितलं होतं, तरी तिनं त्या क्षणी मान डोलावली होती! ‘मलाही वाटलं की झालं असेल,’ ती म्हणाली. कुणी ‘च’ लावून ठासून सांगितलं की आपण आपले डोळे सोडून त्यांच्या डोळ्यांनी बघायला लागतो.

काकूंकडं ती संध्याकाळी गेली. विचारल्यावर काकूंना आधी आठवेनाच. मग म्हणाल्या, ‘अगं, मी माझं बोलत होते. हे गेल्यापासून मी पण तेच करते.’ आणि फ्रिजवरून एक वही काढून दाखवली. रोज सकाळी उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर किती, पोळ्या दोन की दीड, चालणं किती फेऱ्या. ‘मुलगा परदेशात. त्याला रोज काय हे सांगायचं? वहीला सांगते. तुझी ती ब्रिजेट मला फार आवडली हो. पुस्तक मराठीत असतं तर मीच वाचलं असतं.’

लग्न न झालेली, नवरा गेलेली, वेगळी झालेली अशा एकट्या स्त्रिया 2011 च्या जनगणनेत देशात सात कोटींहून जास्त निघाल्या. काकू त्यांतल्याच. अनघानं एकटी बाई म्हटलं की फक्त स्वतःला मोजलं होतं.

पण सगळ्याच शब्दांमागं अशी गोष्ट निघत नाही, आणि हे मला त्या वाचक मैत्रिणीला मुद्दाम सांगायचंय. नुकतंच लग्न झालेल्या त्या मुलीशी अनघा बोलली, तेव्हा ती म्हणाली, ‘वाईट वाटून घेऊ नकोस, पण बाईला शेवटी कुणीतरी लागतंच. तू पण फार उशीर करू नकोस.’ म्हणजे अनघानं ऐकलं होतं तेच तिला म्हणायचं होतं. काही लोक खरंच टोचून बोलतात, काही काळजीपोटी तसंच बोलतात, आणि दोन्हींनी लागतं. तुम्ही हळव्या आहात म्हणून लागत नाही. तिथं स्वतःची समजूत तपासत बसायची गरज नाही, तिथं उत्तर द्यायचं असतं. अनघा म्हणाली, ‘तुझं मत मी ऐकलं. माझ्या लग्नाबद्दल मी विचारल्याशिवाय बोलू नकोस.’ बोलताना आवाज थरथरला, असं तिनं मला सांगितलं. थरथरला तर थरथरला.

राहिला अल्सेशियन. ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. एकट्या राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीनं ती कधी ना कधी माझ्यापाशी बोलून दाखवलीये, ‘रात्री काही झालं तर?’ ही समजूत तपासायची भीती नव्हे, हिची सोय करायची असते. अनघानं घराची जादा किल्ली काकूंकडं ठेवली, काकूंची स्वतःकडं घेतली. सकाळी साडेसातपर्यंत दोघींनी एकमेकींना मेसेज टाकायचा. काकू मेसेजमध्ये फक्त साखरेचा आकडा पाठवतात. आठपर्यंत आकडा आला नाही तर अनघा वर जाते. एकदा जावं लागलं, काकू मोबाइल चार्जिंगला लावायला विसरल्या होत्या. अनघाची झोप या सोयीनंतर सुधारली, माझ्या बोलण्यानं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

तुमचा प्रश्न होता, माझ्यात काही कमी आहे का. मैत्रिणी, तुमच्या पत्रात नोकरी, आई-वडील, मैत्रिणी सगळं आहे आणि मग ‘पण’ आहे. तुम्हाला जोडीदार हवा असेल तर तो हवा असं मोकळेपणानं म्हणा, त्यासाठी प्रयत्न करा, मिळेपर्यंत वाईट वाटलं तर वाटू द्या. हवा नसेल तर तेही म्हणा. या दोन्हींत कमी काही नाही. तोवर वहीत मधोमध रेघ मारा आणि पंधरा दिवस लिहा. झोप, भूक, कामावरचं लक्ष यांवर आठवड्यांमागून आठवडे परिणाम होत असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. जवळच्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

अनघा अजून महिन्यातून एकदा येते. लग्नाचं तिचं काही ठरलेलं नाही, दोन स्थळं बघितली, एक तिला आवडलं होतं, पुढं गेलं नाही. ती त्याबद्दल रडली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. वाचनगटात आता काकूंची पाळी आहे, आणि त्या पुस्तकाऐवजी आपली साखरेची वही वाचून दाखवणार म्हणून हटून बसल्यात.

गेल्या रविवारी सकाळी तिचा मला फोटो आला. भिंतीकडचं छोटं टेबल, काळ्या मसाल्याची मिसळ, शेजारी दही, वर पापड. खाली तिनं लिहिलं होतं : ‘‘किती जण?’ ‘एक.’ ‘एकच?’ ‘हो, एक. पापड दोन आण.’’