चेसी झाली, आता बॉडी सोलताना

भावा, तुझ्या जुन्या गाडीची चेसी (खालचा सांगाडा) रंगवून झकास झालीय. आता बॉडीचा जुना रंग काढायचाय. त्यासाठी बॉडी चेसीवरून उतरवता येत असेल तर उतरवच. चेसीवर ठेवून सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरात मारा करून रंग काढणं) अजिबात नको. ती बारीक धूळ ब्रेक ड्रममध्ये, बेअरिंगमध्ये शिरते आणि नुसत्या हवेच्या फवाऱ्यानं निघत नाही.

उतरवणं जमतच नसेल तर:

- पेंट रिमूव्हर खाली ठिबकू देऊ नको. नवा रंग फुगतो, ब्रेकचे रबरी होजही खराब होतात.
- चेसीवर आधी जुनी चादर, तिच्यावर प्लॅस्टिक टाक. पण दिवसेंदिवस घट्ट गुंडाळून ठेवलंस तर आत ओल धरते.

उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. आपल्या पावसाळ्यात रात्रीत तांबूस होतो. म्हणून उद्यमनगरातला पेंटर मे महिन्याआधीच गाठ. रंगाची शेड, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) वगैरे नंतर बघू.