सगळ्यांना नीट दिसत असताना घरातल्या प्रत्येकानं ऑप्टोमेट्रिस्टकडे जायची गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला नीट दिसतं, तुम्ही दोघं चाळिशीला आलात, सासूबाईंना मधुमेह आहे पण डोळ्यांची तक्रार नाही. नंबर तर मशीन मिनिटात काढतं, मग सगळ्यांना कशाला न्यायचं? मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि डोळे तपासणारी, पण शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर नव्हे. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीपासून सुरुवात करू. तिला नीट दिसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिनंच ना? पण दुसऱ्याला कसं दिसतं हे तिला कुठून कळणार! एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा डोळा चांगला असेल, तर मूल धावतं, खेळतं, वाचतं, कुणाला संशयही येत नाही. मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र घेतो आणि धूसर चित्र सोडून देतो. होता होता तो डोळा बघायला शिकतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात.

एक मुलगा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. शाळेच्या फॉर्मवर सही हवी म्हणून आई त्याला घेऊन आली होती. उजवा डोळा झाकला, तर डाव्यानं सगळ्यात वरचं अक्षरही लागेना. आई म्हणाली, "मुद्दाम करतोय." तो मुद्दाम करत नव्हता. आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, असं महिनोन् महिने चाललं. त्या आईनं नेटानं केलं आणि डोळा सुधारला. तो साडेसहा वर्षांचा होता हे नशीब. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे उपचार सगळ्यात चांगले लागू पडतात. पुढेही प्रयत्न करतात, पण यश कमी येतं. म्हणून मुलीला पुढच्या सुट्टीत नको, आत्ताच आणा.

आता मशीनबद्दल. त्याचा आकडा ही फक्त सुरुवात असते. मूल मशीनमध्ये टक लावून बघतं, डोळ्याच्या आतला स्नायू आवळला जातो आणि नसलेला मायनस नंबर दिसतो. म्हणून लहान मुलांना थेंब घालून तो स्नायू सैल करावा लागतो. मग रेटिनोस्कोप या हातात धरायच्या उपकरणाच्या उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवायची आणि आतून परत येणारी चमक कोणत्या भिंगानं स्थिरावते ते बघायचं. मुलानं एक अक्षर बोलायची गरज नसते, तान्ह्या बाळाचाही नंबर असा काढता येतो. माझ्या कामातला हा मला सगळ्यात आवडणारा भाग.

मायनस नंबर निघालाच, तर "थोडा कमी लिहून द्या, म्हणजे वाढणार नाही" असा आग्रह धरू नका. त्यानं वाढ थांबत नाही. नंबर वाढतो म्हणजे बहुतेक वेळा डोळा लांबट होत असतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर अडीच-तीननं वाढतो, आणि वाढलेली लांबी मागे येत नाही. उणे 6 च्या पुढे डोळ्याच्या आतला मागचा पडदा ताणला जाऊन फाटण्याचा धोका बराच वाढतो. मुलांना रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू दिलं तर मायनस नंबर लागणं लांबतं. वाढ मंदावणारी खास भिंगं आणि अॅट्रोपिनचे सौम्य थेंबही आता मिळतात.

तुमच्या दोघांची चाळिशी हा सोपा विषय. डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचा चष्मा लागतो. मी विचारेन ते वेगळंच: आई-वडील, भावंडं, कुणाला काचबिंदू? असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो आणि समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. डोळ्याच्या आतला दाब साधारण 10 ते 21 मिमी पारा असतो, पण दाब त्यात असूनही डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस खराब झालेली माणसं भेटतात. म्हणून मी नस बघते आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहते. दरवेळी नवीन ठिकाणी तपासलं, तर ताडायला काहीच नसतं.

आणि सासूबाई. खरं तर तुमच्या घरात सगळ्यात आधी त्यांना न्यायला हवं. मधुमेहानं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या, तरी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. उतारवयातल्या मधुमेहात निदान झालं की लगेच आणि पुढे दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. काही आढळलं तर लेसर किंवा इंजेक्शन देणं हे नेत्रतज्ज्ञांचं काम, माझं नाही. मी वेळेत त्यांच्याकडे पाठवते. आम्ही कुठली औषधं लिहून द्यायची, हे देशोदेशी वेगळं असतं, पण शस्त्रक्रिया लागेल तिथे डॉक्टरच.

एवढं मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा: अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, नजरेवर पडदा आला, तर माझ्याकडे वेळ घेत बसू नका, थेट नेत्ररुग्णालयात जा. डोळ्यात रसायन उडालं तर आधी वाहत्या पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग निघा. फोटोत मुलाची बाहुली पांढरी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

येताना सगळ्यांचे जुने चष्मे, जुने कागद आणि सासूबाईंच्या औषधांची यादी आणा. थेंब थोडे चरचरतात हे मुलीला आधीच सांगा. नंतर निदान त्या दिवशी तरी तिला जवळचं धूसर दिसेल, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी नका आणू.