लॉन वाळलं, म्हणून अनामत कापायची?

प्रश्न : पुण्यात बंगला लिव्ह अँड लायसन्सवर घेतला आहे. पुढे ५०० चौरस फूट लॉन. करारात एवढंच आहे : ‘बाग नीट ठेवावी.’ मे महिन्यात लॉन वाळलं. आता घर सोडताना घरमालक नव्या लॉनचा सगळा खर्च अनामतीतून कापणार म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : वाळलेलं लॉन मेलेलं असतंच असं नाही, आधी ते तपासा. मूठभर गवत धरून ओढा. मुळं घट्ट असली आणि जमिनीलगतची आडवी काडी मोडल्यावर आतून ओलसर, पांढरट-हिरवी निघाली, तर पंधरा-वीस दिवसांच्या पाण्यावर ते पुन्हा फुटेल. काडी कटकन तुटून आत कोरडी ठणठणीत असेल, तेवढाच भाग मेला. खर्च फार तर तेवढ्याच भागाचा. सगळं लॉन तुमच्या माथी मारणं आम्हाला मान्य नाही.

आता पाण्याचं. उन्हाळ्यात लॉनला आठवड्याला किमान २५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे तुमच्या जागेला सुमारे ११५० लिटर. बागेच्या नळाला पाणी असूनही दिलं नसेल, तर चूक तुमची. बोअर आटलं असेल आणि टँकर कुणी आणायचा हे ठरलेलंच नसेल, तर दोष तुमच्यावर येत नाही. बोअर आटल्याचं घरमालकांना कळवलेला मेसेज शोधून ठेवा.

करार नोंदवलेला आहे का, हेही पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. लेखी, नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं तर पुरावा द्यावा लागतो.

पुढच्या करारात ‘नीट’ हा शब्द नको, त्यावरूनच भांडणं होतात. पाणी, कापणी, निंदणी भाडेकरूकडे. नळ, बोअर, हुमणीवरचं (गवताची मुळं खाणाऱ्या अळीवरचं) औषध आणि नवी लागवड मालकाकडे, असं स्पष्ट लिहा. माळ्याचा पगार आणि टँकरचे पैसे कोण देणार, तेही. कापणी पावसाळ्यात दर ८-१० दिवसांनी, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. महिनाभर वाढू देऊन एकदम तासलं की खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतात आणि उन्हानं करपतात. लव्हाळा हे तण वरून उपटू नका, खुरप्यानं मुळाच्या गाठीसकट काढा. किल्ल्या घेतानाच चारही कोपऱ्यांचे तारखेसह फोटो काढून घरमालकांना पाठवा.