प्रार्थना करूनही आत काही हलत नसेल, तर देवात विसावा मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, भावाकडून घेतलेले पैसे परत करता आले नाहीत, घरात कुणी धड बोलत नाही. दर रविवारी उपासनेला जाता, प्रार्थना करता, पण आत काहीच हलत नाही. आणि शेवटी विचारलंय : देवात विसावा मिळतो म्हणतात तो मला का नाही, आणि माझ्यासारख्याला तारण, म्हणजे पापातून सुटका, आहे का?

आहे. हे आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नातला तोच भाग मला सगळ्यात जास्त लागला.

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात, आणि साक्षीत बहुतेक वेळा एका रात्रीत सगळं पालटलेलं असतं. अमुक दिवशी प्रभू भेटला, रडू आलं, शांती मिळाली. हे खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण ज्याला काहीच जाणवत नाही तो मागच्या बाकावर बसून हे ऐकतो आणि त्याला वाटतं, खोट माझ्यातच आहे. वडील गेल्यानंतर बरेच महिने मी तशीच बसत होते. शेजारच्या एक आजी काही न बोलता गीतांचं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि ओळीवर बोट ठेवून स्वतः गायच्या. मी गात नसे. त्यांनी कधी विचारलंही नाही.

अशा वेळी मला आधार झाला तो पंडिता रमाबाईंचा. त्यांचा जन्म 1858 चा. दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण थोड्या-थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी अंगावर पांघरूण नाही म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात निजली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, आणि पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या.

साक्षीतली गोष्ट इथे संपली असती. रमाबाईंची संपली नाही. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मनाची तगमग चालूच होती. मधल्या काळात त्या अमेरिकेला जाऊन आल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, बालविधवांना शिकवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, या बाईला काय कमी? पण मनावरचं ओझं उतरलं ते 1891 च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी. काहीच जाणवत नाही याचा अर्थ देवाने पाठ फिरवली असा होत नाही, हे मी या बाईकडून शिकले.

आता तारणाचं. लंडनच्या फुलहॅम भागात रमाबाईंनी एक घर पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या धर्मभगिनी मायेने सांभाळत होत्या. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची, म्हणजे यहुदी लोक ज्यांना कमी लेखत त्या शोमरोनातल्या एका बाईची, गोष्ट वाचून दाखवली. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात आहे ती. तुम्ही ती अगदी सावकाश वाचा. भर दुपारची वेळ, येशू चालून दमलाय आणि विहिरीवर टेकलाय. ती बाई घागर घेऊन येते. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक आहे, ते तो तिच्या तोंडावर बोलूनही दाखवतो, पण उठून जात नाही. तिच्याशी देवाबद्दल बोलत राहतो, तेही बरोबरीने. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात पळते.

पुढे पुण्याजवळ केडगावला स्वतः उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी तशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं, ते उगीच नाही.

आता तुम्ही काय करावं? आधी झोपा आणि पोटभर जेवा. हे वरवरचं वाटेल, पण बायबलमध्येच आहे. एलीया संदेष्टा एका झुडपाखाली पडून ‘आता मला मरण दे’ म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला एक शब्दही उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, पुष्कळ पुढे. एलीयासारखे विचार तुमच्याही मनात येत असतील तर तुमच्या चर्चच्या पाळकांना सांगाच, पण डॉक्टरांनाही सांगा. 14416 ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. औषध घेतल्याने विश्वास कमी ठरत नाही.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं 88 वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही दिलासा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं. खोटा आनंद आणून त्याच्यासमोर बसायची गरज नाही.

आणि भावाचे पैसे. बायबलमध्ये जक्कय नावाचा लोकांना लुबाडणारा जकातदार आहे, त्याच्या घरी येशू आधी उतरला. लुबाडलेलं चौपट परत देईन, हे जक्कय त्यानंतर बोलला. तुमच्याही बाबतीत हाच क्रम धरा. सगळे पैसे जमल्यावर भावाला तोंड दाखवीन असं म्हणत बसू नका. या आठवड्यात फोन करा, किती देणं आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगा, माफी मागा आणि महिन्याला जमेल तेवढी रक्कम ठरवा, पाचशे का असेनात. तो कदाचित चिडेल, फोन आपटेल. त्याला तो हक्क आहे. पुढच्या महिन्याचे पैसे तरीही पाठवा.