एमिलीच्या कागदांची भाऊबंदकी

प्रश्न: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या कविता वाचतेय. दोन पुस्तकांत एकाच कवितेतले शब्द वेगळे, एकात डॅशच डॅश तर दुसऱ्यात साधे स्वल्पविराम. खरं कुठलं धरायचं? आणि तिचे मूळ कागद घरबसल्या बघता येतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, डॅश तिचेच आहेत. १८९० च्या पहिल्या पुस्तकात संपादकांनी ते काढले, यमकं नीट केली, वरून शीर्षकंही चिकटवली. पण शब्दांचं जरा अवघड आहे, कारण ती स्वतःच बऱ्याचदा ठरवायची नाही, शब्दाशेजारी बारीकशी अधिकची खूण करायची आणि पानाच्या तळाशी दोन-तीन पर्यायी शब्द लिहून ठेवायची, आता यातला कुठला घ्यायचा ते तुम्हीच बघा!

१८८६ मध्ये ती गेल्यावर बहीण लॅव्हिनियाला दोऱ्याने शिवलेल्या कवितांच्या चाळीसेक वह्या सापडल्या. तिने त्या आधी वहिनी सुझनकडे दिल्या, तिथे काम पुढे सरकेना म्हणून मग त्या पहिल्या पुस्तकाची एक संपादक झालेल्या मेबल टॉडकडे, आणि मेबलचं सुझनच्याच नवऱ्याशी, म्हणजे एमिलीच्या भावाशी प्रकरण चालू होतं. तो वारल्यावर जमिनीच्या एका तुकड्यावरून लॅव्हिनिया आणि मेबल कोर्टात गेल्या, लॅव्हिनिया जिंकली आणि मेबलने आपल्याकडचे कागद पेटीत कुलूपबंद करून टाकले. म्हणून आज घरच्यांकडे राहिलेला एक वाटा हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आणि दुसरा, मेबलकडचा, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात. हिगिन्सन या दुसऱ्या संपादकाला लिहिलेली पत्रं तिसरीकडेच, बॉस्टन पब्लिक लायब्ररीत.

त्यात वह्यांचे दोरे सोडवून पानं आधीच सुटी केलेली. राल्फ फ्रँकलिन या अभ्यासकाने सुईची भोकं, डाग, कागदाची जात जुळवत क्रम परत लावला, ते १९८१ मध्ये छापून आलं. मला विचाराल तर कवितांइतकंच हे काम भारी आहे.

घरबसल्या बघायचं तर २०१३ पासून 'एमिली डिकिन्सन आर्काइव्ह' फुकट आहे, कवितांच्या हस्तलिखितांचे फोटो तिथे मिळतील. अ‍ॅमहर्स्टकडचे पाकिटांचे तुकडे तर बघाच, आशा आपलं घर कसं बांधते ही कविता ज्या तुकड्यावर आहे तो वरच्या टोकामुळे चक्क घरासारखा दिसतो.

फक्त तिला आलेली पत्रं शोधत बसू नका, तिच्याच सांगण्यावरून लॅव्हिनियाने ती जवळपास सगळी जाळली.